चखणा, गुत्ता आणि बिस्त्रो

मागील दिवाळीच्या सुट्टीत आम्हा दोघांना मुंबईतील एका फ्रेंच पद्धतीच्या बिस्त्रोत जेवणाचे आमंत्रण होते. आमंत्रण देणारा आमचा माजी विद्यार्थी. गाव पोशेरा, तालुका मोखाडा. आश्रमशाळेतून आमच्या महाविद्यालयात आला, मराठी घेऊन पदवीधर झाला आणि आता एका बँकेत अधिकारी आहे. नोकरीत बढती मिळाल्याचा आनंद त्याला आमच्यासोबत साजरा करायचा होता. जागा त्याच्या सहकाऱ्यांनी सुचविलेली. आमच्यासारख्या खानावळीवर वाढलेल्या पिढीला तिथे थोडे अवघडल्यासारखे झाले, हे मान्य केले पाहिजे. जेमतेम दहा टेबले, पिवळसर मंद दिवे, भिंतीवर खडूने लिहिलेला फळा आणि त्यावर त्या दिवशीच्या पदार्थांची व मद्यांची यादी. पदार्थ सगळे छोट्या बशांतून येणारे. कांद्याचा टार्ट, बकरीच्या दुधाचे चीज आणि भाजलेले बीट, कोंबडीच्या काळजाचा लोण्यासारखा मऊ लेप, खारवलेली ऑलिव्ह. एक बशी मधे ठेवायची, सर्वांनी त्यातले थोडे थोडे घ्यायचे आणि अधूनमधून वाइनचा घोट. एका बशीची किंमत रोजगार हमीच्या दोन दिवसांच्या मजुरीइतकी.

तिसरी बशी आल्यावर आमचा विद्यार्थी हसून म्हणाला, "सर, मॅडम, हा तर चखणाच की! फक्त आमच्याकडे हे चाललं की मडकी फुटतात."

प्रस्तुत लेखाचे बीज या वाक्यात आहे. पिण्यासोबत थोडेसे खाणे आणि त्यासाठी चार माणसांनी एकत्र बसणे ही जगभरातील जुनी गोष्ट आहे. असे असताना एका ठिकाणी त्याचे फळ्यावर खडूने लिहावे असे पाककौशल्य झाले आणि दुसऱ्या ठिकाणी तोच अपराध ठरला. या फरकाचा उगम रुचीत शोधायचा की अन्यत्र? आमच्या मते तो अन्यत्र आहे, आणि त्याचे सन-साल सांगता येतात.

प्रथम शब्दांकडे पाहू. मराठीच्या अध्यापकांना ती खोड असतेच. 'चखणा' हा आज गुत्त्यावरचा, काहीसा हलका मानला गेलेला शब्द असला, तरी त्याच्या पोटात चाखणे आहे. रुची घेणे एवढाच त्याचा निरुपद्रवी अर्थ. संस्कृतात यासाठी चांगला भारदस्त शब्द होता, उपदंश. मद्यासोबत तोंडी लावायचा पदार्थ तो उपदंश. पुढे वैद्यकात हाच शब्द एका रोगाला चिकटला आणि जेवणाच्या पंक्तीतून कायमचा उठला. 'गुत्ता' या शब्दाची कथा याहून बोलकी आहे. गुत्ता म्हणजे मुळात मक्ता, इजारा. मराठवाड्यात आणि विदर्भात कंत्राटदाराला आजही गुत्तेदार म्हणतात, आणि त्यात दारूचा मागमूसही नसतो. दारू विकण्याचा मक्ता ज्याच्याकडे त्याचे दुकान ते दारूच्या गुत्त्याचे दुकान. पुढे दारू आणि दुकान दोन्ही गळाले आणि नुसता गुत्ता उरला. पिण्याच्या जागेला आपल्या भाषेने तिथल्या पेयाचे नाव दिले नाही, पदार्थाचे दिले नाही, बसण्याचेही दिले नाही. दिले ते सरकारी महसुलाच्या पद्धतीचे. त्या जागेचा इतिहास त्या एका शब्दात साठला आहे.

'बिस्त्रो'बद्दल एक रंजक आख्यायिका सांगतात. १८१४ मध्ये नेपोलियनच्या पराभवानंतर पॅरिसमध्ये शिरलेले रशियन शिपाई दुकानदारांना 'बिस्त्रो, बिस्त्रो' म्हणजे 'लवकर, लवकर' असे दरडावीत, त्यावरून हे नाव पडले. मोंमार्त्र टेकडीवरील एका जुन्या उपाहारगृहावर तशी पाटीही लावलेली आहे. भाषाशास्त्रज्ञांना मात्र ही व्युत्पत्ती पटत नाही, कारण हा शब्द लेखी स्वरूपात आढळतो तो थेट १८८० नंतर. सत्तर वर्षे एखादा शब्द लोकांच्या तोंडी राहून कागदावर उतरलाच नाही, हे मानणे कठीण. पण १८८० या सालाकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. त्या वर्षी जुलैत फ्रान्समध्ये एक कायदा झाला. दुसऱ्या साम्राज्याच्या उंबरठ्यावर, १८५१ च्या हुकुमाने, मद्यपानगृह उघडण्यासाठी शासनाची पूर्वपरवानगी आवश्यक केली होती. चार माणसे एकत्र पितात तिथे राजकारणही बोलतात, ही त्यामागची भीती. तिसऱ्या प्रजासत्ताकाने ती अट काढून टाकली. आता अशी जागा उघडायची तर नुसते सूचित करणे पुरेसे झाले.

या सवलतीचा लाभ ज्यांनी घेतला त्यांत एक मोठा गट ओव्हेर्न्य प्रांतातील डोंगरकऱ्यांचा होता. मध्य फ्रान्समधील हा उंच, थंड, दरिद्री मुलूख. शेतीत भागत नाही म्हणून तिथले लोक पॅरिसला जात. आधी पाण्याचे हंडे वाहिले, मग लाकूड आणि कोळसा विकू लागले. कोळशाच्या दुकानात एका बाजूला फळी टाकून गिऱ्हाइकाला वाइनचा पेला द्यायचा आणि सोबत घरच्या पद्धतीचे काहीतरी गरम खायला. पॅरिसकर त्यांना थट्टेने 'बुन्या' म्हणत. दुकानाच्या एका अंगाला कोळसा, दुसऱ्या अंगाला मद्य; अशा शेकडो जागांतून पॅरिसची बिस्त्रो-संस्कृती उभी राहिली. या लोकांनी १८८२ मध्ये स्वतःचे वृत्तपत्रही काढले. साहित्याच्या विद्यार्थ्यांना 'काफे द फ्लोर' हे नाव ठाऊक असते. सार्त्र आणि सिमोन द बोव्हार तिथे बसून लिहीत. त्या काफेचा त्या काळातील मालक पॉल बुबाल याच डोंगराळ पट्ट्यातून आलेला होता. अस्तित्ववादाला ऊब पुरविणारी शेगडी, असे म्हणावे तर, एका डोंगरकऱ्याची होती.

मोखाडा-जव्हारचा मुलूखही डोंगराळ. नागली-वरईची शेती, भरपूर पाऊस आणि पावसानंतर पाण्याचा दुष्काळ. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकर, कातकरी यांची वस्ती. दिवाळी झाली की गावेच्या गावे स्थलांतर करतात. वसई, भिवंडी, ठाण्याच्या वीटभट्ट्यांवर जातात, बांधकामावर जातात, नाशिककडे शेतमजुरीला जातात. ओव्हेर्न्यचा माणूस पॅरिसला गेला तसाच हा मुंबईच्या अंगणात गेला. शंभर-सव्वाशे वर्षे जातो आहे. पण त्याच्या नावाने मुंबईत किंवा ठाण्यात एखादे मद्यगृह, एखादी खानावळ उभी राहिली, त्याची चव शहराला लागली, असे घडले नाही. मालवणी खानावळी झाल्या, कोल्हापुरी झाल्या, उडुपी आणि इराणी तर झालेच. वारली चित्र शहराच्या भिंतीवर आले. वारली पान, म्हणजे जेवणाचे, आले नाही. भांडवल नव्हते आणि जमीन सावकाराकडे गेलेली होती, ही कारणे खरी आहेत. पण आणखी एक कारण कायद्याच्या पुस्तकात आहे.

१८७८ चा मुंबई अबकारी कायदा पाहावा. फ्रान्सने मद्यगृह मोकळे केले त्याच्या दोनच वर्षे आधीची ही गोष्ट. ताडी आणि मोहाची दारू या दोन्हींवरील शासनाचा ताबा या कायद्याने आवळला. ताडाच्या झाडावर कर वाढला, आणि मोहाची दारू गावोगाव गाळण्याऐवजी मोठ्या मान्यताप्राप्त भट्ट्यांतून यावी असे धोरण ठरले. ठाणे जिल्ह्यासाठी हे केंद्र होते उरण. तिथल्या भट्ट्या बहुतांशी पारशी मालकांच्या. पंचमहालासारख्या दूरच्या भागांतून मोहफुले येत, उरणला दारू होई आणि परवानाधारकाच्या दुकानांतून विकली जाई. ज्याच्या दारात मोह उभा होता, त्याने दुसऱ्या प्रदेशातील मोहाची दारू, तिसऱ्याच्या भट्टीत गाळलेली, चौथ्याच्या दुकानात जाऊन पैसे देऊन घ्यायची, असा हा व्यवहार. पैसे मात्र त्याच्याजवळ नसत.

तो अर्थातच घरी गाळत राहिला. म्हणून १८९२ मध्ये स्वतंत्र मोहफूल कायदा आला, तो ठाणे आणि कुलाबा या जिल्ह्यांवर नजर ठेवून. परवान्याशिवाय मोहाची फुले आणणे, नेणे, साठवणे यांवर बंधने आली. अपराधी वस्तू दारू राहिली नाही, फूल झाले. त्या काळी मोखाडा हा ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्याचा पेठा होता आणि शेजारचे जव्हार हे मुकणे घराण्याचे संस्थान. म्हणजे मोखाड्याच्या मोहावर मुंबई विधिमंडळाचा कायदा थेट लागू झाला.

मोहफूल म्हणजे काय, हे शहरी वाचकांसाठी थोडे सांगायला हवे. आम्हांलाही ते उशिराच कळले. काही वर्षांपूर्वी लग्नगीतांच्या संकलनासाठी आम्ही चैत्रात पोशेऱ्याला चार दिवस राहिलो होतो. पहाटे फुले गळतात. पांढरट-पिवळी, मांसल, आतून पोकळ, द्राक्षाएवढी. बायका आणि मुले उजाडायच्या आत टोपल्या घेऊन झाडाखाली असतात. आधी झाडाखालचा पाचोळा झाडून किंवा जाळून जमीन स्वच्छ केलेली असते. अंगणात फुले वाळत पडली की मनुकांसारखी तपकिरी होतात, आणि साऱ्या गावाला एक गोड, किंचित आंबूस वास येतो. ही फुले भाजून, उकडून, कुटून खातात. हाताशी धान्य नसलेल्या दिवसांचा तो आधार आहे. बियांचे तेल निघते. १८९२ च्या कायद्याला विरोध झाला तो मुख्यत्वे याच मुद्द्यावर: फूल हे गरिबाचे अन्न आहे. दारूसाठी फुलावर बंदी म्हणजे ताडीसाठी तांदळावर बंदी, असे आम्ही त्या वेळी गमतीने म्हटले होते. उपमा फसलेली होती. ताडी तांदळाची होत नाही, हे आमच्या यजमानीण बाईंनी लगेच दाखवून दिले.

आणि दारू? तीही होतीच, आणि ती झाकायची गोष्ट नव्हती. वारली समाजात लग्न लावणारी धवलेरी ही स्त्री असते. तिच्या गाण्यांवाचून लग्न पुरे होत नाही आणि दारूचे थेंब धरित्रीला व पितरांना वाहिल्यावाचून कार्य सुरू होत नाही. पळसाच्या पानाच्या द्रोणातून ती फिरते. सोबत भाजलेली सुकट, उकडलेले कंद, वाल, कधी खेकड्याचा रस्सा. तेही द्रोणातून, थोडे थोडे. आमच्या विद्यार्थ्याला बिस्त्रोत 'चखणा' आठवला तो या अर्थाने, ठेल्यावरच्या शेंगदाण्यांच्या अर्थाने नव्हे.

भारतीय राज्यशास्त्राला हा सगळा प्रश्न नवा नव्हता, हेही नोंदवावे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाचे स्वतंत्र प्रकरण आहे. त्यातील पानागाराचे वर्णन आजच्या कुठल्याही बिस्त्रोच्या मालकाला आवडेल: अनेक दालने, वेगवेगळी शयने आणि आसने, गंध, माला, पाणी, प्रत्येक ऋतूत सुखकर वाटेल अशी मांडणी. गिऱ्हाइकांवर नजर ठेवायला हेरही आहेत. तेवढा भाग मालकाने गाळावा. मद्यावर राज्याचा ताबा असावा याविषयी कौटिल्याच्या मनात शंका नाही. तरीही त्याने दोन फटी ठेवल्या. कौटुंबिक कार्यासाठी गृहस्थाला सुरा करू द्यावी, आणि उत्सव, समाज व यात्रा यांच्यासाठी चार दिवस मद्य गाळण्याची मुभा द्यावी. दोन हजार वर्षांपूर्वीच्या कठोर म्हणून गाजलेल्या या लेखकाने कुटुंबाच्या कार्याला जी मोकळीक दिली, ती १८९२ च्या विधिमंडळाला सुचली नाही. त्याच ग्रंथात द्राक्षाच्या मद्याला 'मधु' म्हटले आहे आणि ते वायव्येकडील कापिशी वगैरे प्रदेशांतून येई. मोहाचे संस्कृत नाव मधूक. दोघांच्या नावात मध एकच. प्रतिष्ठा तेव्हाही आयात मालाची अधिक असावी. आपल्या महाराष्ट्री प्राकृतातील हालाच्या गाथासप्तशतीत मात्र द्राक्षापेक्षा मोहाची फुले जास्त भेटतात. फुले वेचण्याच्या निमित्ताने घराबाहेर पडणाऱ्या स्त्रिया तिथे आहेत आणि मोहाची झाडी हे संकेतस्थळ आहे. मराठीच्या या आद्य पूर्वज-ग्रंथात जे झाड प्रेमाचे आहे, ते आमच्या आधुनिक साहित्यात जवळजवळ दिसेनासे झाले.

इथे इतिहासाने केलेली एक विलक्षण थट्टा सांगावीशी वाटते. १८६३ पासून फ्रान्सच्या द्राक्षमळ्यांवर फायलोक्सेरा या सूक्ष्म किडीने आक्रमण केले आणि पुढील दोन-तीन दशकांत तिथले मद्यउत्पादन कोसळले. जिथून मिळेल तिथून साखर असलेला कच्चा माल फ्रेंच भट्टीवाले आणू लागले. त्या काळात मुंबई बंदरातून मोहाची वाळलेली फुले फ्रान्सला निर्यात होत, तिथे त्यांचे मद्य गाळले जाई. म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसच्या एखाद्या स्वस्त मद्यगृहात बसलेल्या मजुराने हिंदुस्थानातील मोहाचा घोट घेतलाही असेल, आणि त्याच सुमारास मोखाड्याच्या माणसाला ते फूल घरात साठवताना कायद्याकडे पाहावे लागत होते. फ्रेंच शेतकऱ्याला तर आपल्या बागेतील फळांचे मद्य करमुक्त गाळण्याचा हक्क होता. दहा लिटर शुद्ध अल्कोहोलपर्यंतची ही सवलत विसाव्या शतकातही टिकली. १९६० मध्ये ती वारसांना देण्यास बंदी झाली, पण ज्यांच्याकडे होती त्यांची ती हयातभर राहिली. हक्क काढून घेतानाही माणसाच्या आयुष्याइतकी मुदत दिली गेली.

या विवेचनातून आम्ही मद्याची भलामण करीत आहोत, असा समज होऊ नये. महाराष्ट्रातील सुधारकांनी दारूला जो विरोध केला त्यामागे डोळ्यांनी पाहिलेले संसार होते. महात्मा फुल्यांनी १८८० मध्ये, पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना, शहरातील वाढत्या दारूच्या दुकानांविरुद्ध लिहिले. १९०८ मध्ये टिळकांच्या प्रेरणेने पुण्यात दुकानांवर निरोधन झाले. १९१९ मध्ये रंगभूमीवर आलेल्या गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'ने मध्यमवर्गाच्या मनात दारूची जी प्रतिमा कोरली ती अद्याप पुसलेली नाही. पण लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की, या साऱ्यांच्या समोरची वस्तू होती गुत्ता, महसुलासाठी उघडलेले दुकान. तळीरामाच्या मंडळात पितरांना थेंब वाहिला जात नाही. सुधाकराची शोकांतिका ही एकट्याच्या पेल्याची आहे. त्याच रंगभूमीवरून आम्ही दारूकडे पाहायला शिकलो आणि धवलेरीच्या द्रोणाकडेही त्याच चष्म्यातून पाहिले.

आदिवासींनी स्वतः दारूला केलेला विरोध याहून निराळा आणि अधिक तीक्ष्ण होता. १९२२ मध्ये पालघरच्या किनाऱ्यावरील मांगेला कोळ्यांत देवी अंगात येऊ लागली आणि ही चळवळ पाहता पाहता दक्षिण गुजरातच्या डोंगरांत पोचली. देवीचा आदेश होता: दारू-ताडी सोडा, स्वच्छ राहा, दारूवाल्या पारशांकडे कामाला जाऊ नका. डेव्हिड हार्डिमन यांनी या चळवळीचा जो इतिहास लिहिला (१९८७), त्यात तिचा अर्थ नीट उलगडला आहे. दुकानदार, सावकार आणि जमीनदार एकच झाला होता. दारू सोडणे म्हणजे त्याच्या दोरीतून मान काढणे. गोदावरी परुळेकरांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' (१९७०) मध्ये डहाणू-उंबरगाव भागातील लग्नगडी भेटतात. लग्नाच्या खर्चासाठी कर्ज घेऊन आयुष्यभर सावकाराच्या घरी वेठीला जुंपलेले. त्या खर्चात दारूचाही वाटा असे. जे पूर्वी दारातल्या झाडावरून फुकट मिळे ते दुकानातून उधारीवर घ्यावे लागले, तेव्हा लग्न हेच गुलामीचे दार झाले, असा आमचा तर्क आहे. तो सर्वांना मान्य होईल असे नाही. पण १८७८ आणि १८९२ ही साले शेजारी ठेवून ते पुस्तक पुन्हा वाचावे, एवढी विनंती.

पुढचा भाग परिचित आहे, म्हणून थोडक्यात. १९४९ चा दारूबंदी कायदा, १९५० पासून मुंबई राज्यात पूर्ण बंदी, साठच्या दशकापासून शिथिलता. त्या कायद्याने 'परमिट रूम' हा शब्द आपल्याला दिला. पिणाऱ्याकडे परवाना हवा, ही अट कागदोपत्री आजही आहे. गुत्त्यानंतर पिण्याच्या जागेला मिळालेले हे दुसरे नाव. तेही महसूल खात्याच्याच शेजारचे. २००१ मध्ये राज्याने द्राक्षप्रक्रिया धोरण आणले, वाइनला उत्पादन शुल्कात सवलती दिल्या, आणि नाशिक जिल्ह्याचा चेहरा पालटला. त्याआधी ऐंशीच्या दशकात नारायणगावला श्यामराव चौगुले यांनी फ्रेंच तंत्रज्ञांच्या साहाय्याने फेसाळती वाइन करून दाखविली होती. आता तर शाम्पेनसाठी प्रसिद्ध असलेल्या फ्रेंच घराण्याची वाइनरी दिंडोरी तालुक्यात आहे. जानेवारी २०२२ मध्ये मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विकू देण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला, तेव्हा वाइन म्हणजे दारू नव्हे, ते शेतमालाचे प्रक्रियायुक्त रूप आहे, असे समर्थन ऐकू आले. विरोधामुळे तो निर्णय अमलात आला नाही. समर्थनातला युक्तिवाद मात्र आम्हांला मोलाचा वाटतो. तो मोहाला का लागू नव्हता, एवढेच विचारावेसे वाटते. मोहफुलांवरील निर्बंध महाराष्ट्रात शिथिल झाले ते २०२१ मध्ये. १८९२ पासून मोजले तर एकशे एकोणतीस वर्षांनी. २०१८ मध्ये गोव्यात मोहाचे मद्य सुबक बाटलीतून बाजारात आले आणि मध्य प्रदेशाने त्याला वारसा-मद्याचा दर्जा दिला. उद्या एखाद्या बिस्त्रोच्या फळ्यावर त्याचे नाव खडूने लिहिलेले दिसले तर नवल नाही. ते गाळणारे हात कोणाचे असतील, हा प्रश्न उरतोच.

खुद्द फ्रान्समध्येही बिस्त्रो आता कोळसेवाल्याचा राहिलेला नाही. १९९२ मध्ये ईव्ह कांदबोर्द या तरुण आचाऱ्याने मोठ्या हॉटेलातील नोकरी सोडून पॅरिसच्या कडेला साधे बिस्त्रो काढले आणि उत्तम पाककला परवडणाऱ्या दरात देण्याचा पायंडा पाडला. त्याच परंपरेला पुढे छोट्या बशांची, स्पॅनिश तापाची वळणे मिळाली आणि तिचीच मुंबईकर आवृत्ती आम्ही पाहत होतो. जेवण उत्तम होते, हे सांगायला हवे. विशेषतः ते काळीज.

डिसेंबरात आम्ही पुन्हा पोशेऱ्याला गेलो. विद्यार्थ्याच्या आईने नागलीची भाकरी आणि खुरासणीची चटणी वाढली. मुलगा आपल्या गुरुजनांना मुंबईत कुठे घेऊन गेला होता, काय प्यायला दिले, याची तिला मोठी उत्सुकता. आम्ही वर्णन करून सांगितले. मद्य द्राक्षांचे होते म्हटल्यावर तिने विचारले, द्राक्षे कुठली. बाटलीवर दिंडोरी लिहिलेले होते, ते सांगितले.

"दिंडोरीची?" ती म्हणाली. "तिथं मी दोन हंगाम द्राक्षं खुडलीत."